‘अॅक्विडक्ट’चा पाणी-नकाशा वापरण्याआधी हे माहीत असू द्या

वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचा ‘अॅक्विडक्ट’ हा पाण्यावरचा ताण दाखवणारा नकाशा उघडला की आधी रंग डोळ्यांत भरतात, आणि बहुतेकांची गल्लत तिथेच होते. गडद लाल म्हणजे कोरडा मुलूख, असा समज होतो. प्रत्यक्षात सहारा वाळवंटाचा मोठा भाग राखाडी दिसतो आणि भुरभुर पावसाचा बेल्जियम अतिशय जास्त ताणाच्या देशांत मोडतो. मी भूगोल शिकवते. वर्गात हा नकाशा दाखवताना सुरुवात याच दोन ठिकाणांपासून करते, कारण तो नेमके काय मोजतो हे इथे लगेच समजते.

नदीनाले आणि भूजल मिळून दरवर्षी जेवढे पाणी नव्याने हाती येते, त्यातला किती हिस्सा शेती, कारखाने, घरे आणि जनावरे यांना लागतो, हे तो मोजतो. हिस्सा १० टक्क्यांच्या आत असेल तर ताण कमी, ४० च्या पुढे गेला की जास्त, ८० ओलांडले की अतिशय जास्त. सहाऱ्यात पाणी नाही आणि मागणीही जवळपास नाही, म्हणून त्याला वेगळा रंग. बेल्जियममध्ये पाऊस पडतो, पण दाट वस्ती आणि उद्योग यांची मागणीही तेवढीच मोठी. जगाची पाण्याची मागणी १९६० पासून दुपटीहून अधिक वाढली आहे. लाल रंगामागचे कारण शोधताना पावसाच्या आकड्यांइतकेच या वाढीकडेही पाहावे लागते.

मी लिहिते आहे ते २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीबद्दल. तिच्या हिशेबानुसार २५ देशांवर दरवर्षी अतिशय जास्त ताण असतो आणि जगाची चतुर्थांश लोकसंख्या याच देशांत राहते. यादीच्या डोक्यावर बहारीन, सायप्रस, कुवेत, लेबनॉन आणि ओमान आहेत. बातम्यांत हीच यादी येते, पण माझ्या मते ती या साधनाचा सर्वांत कमकुवत भाग आहे. यादीत सोळावा असलेला चिली घ्या. उत्तरेला अटाकामाचे वाळवंट, दक्षिणेला धो धो पावसाची जंगले, आणि देशाला आकडा मात्र एकच. नकाशावर उतरून उपखोऱ्यांचे थर पाहिले की चित्र पार बदलते. म्हणून यादी बाजूला ठेवा आणि थेट खोऱ्यांवर जा.

तिथे गेल्यावर ‘ताण’ आणि ‘ऱ्हास’ हे दोन थर आलटून पालटून पाहा. पहिल्यात लागणारे सगळे पाणी मोजले आहे, दुसऱ्यात फक्त परत न येणारे. वीजकेंद्र यंत्रे थंड करायला नदीतून भरपूर पाणी घेते आणि त्यातले बरेचसे परत सोडते. पिकाला दिलेल्या पाण्यातला मोठा भाग वाफ होऊन खोऱ्याबाहेर जातो. जगातल्या एकूण उपशापैकी सुमारे ७० टक्के उपसा शेतीसाठी होतो, त्यामुळे सिंचनाच्या खोऱ्यांत दोन्ही थर सारखेच गडद राहतात. हा फरक शिकवायला याहून चांगले साधन मला सापडलेले नाही. महिन्यागणिक ताण पाहण्याचीही सोय आहे. वर्षाच्या सरासरीत निवांत दिसणारे खोरे कोरड्या महिन्यांत कसे पेटते, ते त्यात दिसते.

आता भविष्याचा भाग, ज्यासाठी लोक मुख्यतः येतात. २०३०, २०५० आणि २०८० असे तीन टप्पे आणि प्रत्येकासाठी तीन वाटा: आशावादी, आहे तशीच चाललेली आणि निराशावादी. आशावादी वाटेवर शतकाअखेरची तापमानवाढ १.३ ते २.४ अंश सेल्सिअसमध्ये राहते. त्या वाटेनेही २०५० पर्यंत आणखी १ अब्ज लोक अतिशय जास्त ताणाखाली येतील, असा अंदाज आहे. हे वाचून मुले गप्प होतात. मग मी पुरवठा आणि मागणी हे थर वेगळे काढून दाखवते, कारण पुढच्या काळातला बराचसा फरक कुठून येतो आहे ते त्यात उघड होते.

सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत २०५० पर्यंत मागणी १६३ टक्क्यांनी वाढेल, असे संस्था सांगते. या वाढीत घरगुती पाणी आणि सिंचन यांचा वाटा मोठा आहे. ज्या घराला आजवर नळ नव्हता तिथे नळ येणे आणि आधीच मुबलक पाणी असलेल्या ठिकाणी हिरवळीवर फवारे सोडणे, दोन्हींचा रंग नकाशावर एकच. याची मला मनापासून खंत वाटते. युरोप आणि उत्तर अमेरिकेत मागणी स्थिरावली आहे खरी, पण तिथे खाल्ले-ल्यायले जाणारे बरेच धान्य आणि कापूस दुसऱ्यांच्या पाण्यावर पिकतो. ते पाणी नकाशावर पिकवणाऱ्याच्या खात्यात पडते. हा नकाशा कुणाला दोष देण्यासाठी वापरू नका. तसा आधार तो देऊच शकत नाही.

याहून मोठी उणीव नदीची आहे. ताणाच्या गणितात नदीला स्वतःसाठी, म्हणजे तिच्यातल्या माशांसाठी आणि मुखाशी असलेल्या त्रिभुज प्रदेशासाठी लागणारा प्रवाह वेगळा काढलेला नाही. पाण्याची गुणवत्ताही त्यात धरलेली नाही आणि ते लोकांपर्यंत पोचते का, हेही नाही. संस्थेच्या तांत्रिक टिपणात हे मोकळेपणाने लिहिले आहे, पण टिपण वाचतो कोण? संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला ६.४.२ हा निर्देशक आधी पर्यावरणासाठीचा प्रवाह वजा करतो आणि मग टक्केवारी काढतो. मला ती रीत जास्त न्याय्य वाटते. अॅक्विडक्टवर ७५ टक्के ताण दिसला, तर उरलेले २५ टक्के ‘शिल्लक’ आहेत असे कुणी धरून चालू नये. त्यावर आधीच कुणीतरी जगत असते.

भूजलाबाबतही सावध राहा. पातळी दरवर्षी किती सेंटिमीटर खाली जाते, हा थर १९९० ते २०१४ या काळावर बेतलेला आहे आणि त्याला भविष्याचा टप्पाच नाही. जगात सिंचनाला लागणाऱ्या पाण्यापैकी सुमारे पाव हिस्सा जमिनीखालून येतो. अमेरिकेतल्या ओगल्लालासारखे जलधर, म्हणजे जमिनीखाली पाणी साठवणारे थर, भरण्यापेक्षा वेगाने उपसले जात आहेत. अशा ठिकाणी २०५० चा नकाशा एकट्याने वाचणे धोक्याचे. शेजारी ‘ग्रेस’ उपग्रहांची आकडेवारी ठेवा. २००२ पासूनच्या या मोजणीत गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकांवरून साठवलेल्या पाण्याची घट कळते.

सगळ्याच्या मुळाशी उट्रेक्ट विद्यापीठात तयार झालेले जलविज्ञानाचे प्रारूप आहे, आणि ते जगाचे ज्या चौकोनांत तुकडे करते, त्यातला एकेक विषुववृत्तावर सुमारे १० किलोमीटरचा. त्यामुळे एखाद्या ओढ्याचा किंवा विहिरीचा निर्णय यावरून घेऊ नका. तुलना करायला, प्रश्न विचारायला शिकवायला, कारखाना कुठे काढू नये याची पहिली चाळणी लावायला हा नकाशा उत्तम आहे. पाहायला पैसे पडत नाहीत, आकडेवारी उतरवून घेता येते आणि श्रेय देऊन पुन्हा वापरता येते. शिक्षक आणि पत्रकार यांनी तर जरूर वापरावा. फक्त चित्र छापताना खाली वर्ष, निवडलेली वाट आणि कोणता थर आहे, या तीन गोष्टी लिहाव्यात.