पाण्याची, सीलबंद की लिथियम : मोटारसायकलची बॅटरी बदलताना

बॅटरीच्या दुकानात गेल्यावर काउंटरवरचा माणूस दोनच गोष्टी विचारतो: गाडी कोणती, आणि जुनी बॅटरी आणली आहे का. गाडी रोज चालते की आठवड्यातून एकदा, उन्हात उभी असते की सावलीत, तिला किक आहे की नुसताच सेल्फ, हे सहसा कोणी विचारत नाही. आणि पाण्याची, सीलबंद व लिथियम या तीन प्रकारांपैकी कोणती बॅटरी घ्यावी याचे उत्तर तर बहुतांशी याच न विचारलेल्या प्रश्नांत दडलेले असते. पूर्वी या निवडीत थोडी चूक झाली तरी फारसे बिघडत नसे, कारण कार्बोरेटरच्या गाडीची बॅटरी बसली तर हॉर्न घोगरा व्हायचा, इंडिकेटर मंद व्हायचे आणि माणूस किक मारून घरी यायचा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत चालूच राहू लागला, तर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे निकष लागू झाल्यावर बहुतेक मोटारसायकलींमध्ये फ्युएल इंजेक्शन आले. पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, या तिघांनाही व्होल्ट लागतो. किक असलेल्या काही इंजेक्शन गाड्या बसलेल्या बॅटरीवरही कशाबशा चालू होतात; ज्यांना किकच नाही त्यांच्या बाबतीत मात्र गाडी ढकलून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडण्याचा जुना उपायही, पंपाला पुरेसा दाब तयार करता न आल्यामुळे, बहुधा कामी येत नाही.

तुलनेकडे वळण्यापूर्वी बॅटरी खरोखर बदलायची आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. त्यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि दहा मिनिटे पुरतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, चावी न फिरवता टर्मिनलवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर लेड-ॲसिड, म्हणजे पाण्याची किंवा सीलबंद, बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.२ च्या आसपास ती निम्मी असते आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. दुसरे माप सेल्फ दाबलेला असताना घ्यावे: बॅटरी भरलेली असूनही आकडा साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल, तर तिच्यात दम उरलेला नाही. रात्रभर चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपासच अडकत असेल, तर सहापैकी एक सेल शॉर्ट झाला आहे असे समजावे, कारण प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो आणि नेमके तेवढेच कमी पडत असते. तिसरे माप इंजिन चालू ठेवून, सुमारे ४००० आरपीएमवर घ्यायचे. तेथे १३.८ ते १४.५ व्होल्ट अपेक्षित आहेत. हे तिसरे माप दुकानात जवळजवळ कधीच घेतले जात नाही, आणि नवी बॅटरी वर्षभरात मरते तेव्हा दोष बहुधा याच ठिकाणी सापडतो.

माझ्या जुन्या ३५० सीसी गाडीने हे मला पैसे घेऊन शिकवले. सेल्फ जड झाला म्हणून एका दुकानात मी बॅटरी बदलून घेतली आणि पाण्याचा व्याप नको म्हणून सीलबंद घेतली. सात महिन्यांनी गाडी पुन्हा टकटक करू लागली. साइड कव्हर काढून पाहिले तर बॅटरी ट्रेमधून निघेना. दोन्ही बाजूंनी ती उशीसारखी फुगली होती आणि शेवटी ट्रेचे दोन बोल्ट सैल करून तिला तिरपी ओढावी लागली. मीटर लावला तेव्हा इंजिनाचा वेग वाढताच आकडा १५.६ वर जात होता. चार्जिंगचा व्होल्ट मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर, ज्याला गॅरेजमध्ये नुसते आरआर म्हणतात, तो व्होल्ट रोखत नव्हता. आधीची पाण्याची बॅटरी त्याच अत्याचारात दोन वर्षे तग धरून होती, कारण तिच्यातले पाणी उडाले की मी पुन्हा भरत होतो. सीलबंद बॅटरीला ती सोय नाही. म्हणजे मी चांगल्या प्रकारची बॅटरी चुकीच्या गाडीला लावली होती, आणि चूक बॅटरीची नव्हती.

पाण्याच्या बॅटरीबद्दल म्हणूनच मला इतरांइतका तिटकारा नाही. ती सर्वांत स्वस्त पडते, थोड्याफार जास्त व्होल्टला सहन करते, आणि तिच्या अर्धपारदर्शक डब्यातून आत काय चालले आहे ते दिसते. तिच्या मागण्या मात्र ठरलेल्या आहेत. दर महिन्याला, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दर पंधरवड्याला, पातळी वरच्या व खालच्या रेषेच्या मध्ये आहे ना हे पाहावे लागते. कमी झाले तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचे, कारण उडते ते पाणी, ॲसिड नव्हे. ॲसिड घातले तर आतील तीव्रता वाढून प्लेटा लवकर खराब होतात, आणि बोअरचे पाणी घातले तर क्षारांमुळे तोच परिणाम वेगळ्या वाटेने होतो. दुसरी गोष्ट व्हेंट पाइपची. वायू बाहेर सोडणारी ही रबरी नळी दुमडली किंवा निघाली की ॲसिडचे थेंब फ्रेमवर, चेनवर किंवा सायलेन्सरच्या क्रोमवर पडतात. बॅटरीच्या खाली रंगाचे पापुद्रे निघालेली, गंजाने खरखरीत झालेली ट्रे दिसली, तर ती या नळीचीच करणी असते. नवी पाण्याची बॅटरी घेताना एक तपशील कटाक्षाने पाहावा: तिच्यात ॲसिड भरल्यावर अर्धा तास मुरू देऊन, तिच्या क्षमतेच्या एक दशांश करंटवर पहिला चार्ज द्यावा लागतो, म्हणजे ५ एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-तास, साठ्याचे माप) बॅटरीला अर्धा अँपिअर, आणि तोही काही तास. दुकानदाराला एवढा वेळ नसतो. ॲसिड ओतले, टोप्या लावल्या आणि गाडीला जोडली, असे झाले तर ती बॅटरी आयुष्यभर थोडी उणीच राहते. संध्याकाळी बॅटरी सोडून दुसऱ्या दिवशी घेऊन जाण्याची तयारी असेल, तरच हा पर्याय स्वीकारावा.

सीलबंद बॅटरीला दुकानात मेंटेनन्स फ्री म्हणतात. आत ॲसिड मोकळे नसते. प्लेटांमधल्या काचतंतूंच्या चटईत ते शोषलेले असते आणि चार्जिंगमध्ये निघणारा बराचसा वायू आतच पुन्हा पाण्यात बदलतो. त्यामुळे गळती नाही, नळी नाही, पातळी नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर प्लेटा घट्ट दाबलेल्या असल्याने ती हादऱ्यांनाही चांगली तोंड देते, आणि आपल्याकडच्या रस्त्यांचा विचार केला तर हा गुण पाणी न घालण्याच्या सोयीपेक्षा मला मोठा वाटतो. १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांना साधारण ३ ते ५ एएच, १५० ते २०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ७ ते ९ एएच अशा क्षमता असतात. तिचे वैर दोन गोष्टींशी आहे: जास्त व्होल्ट आणि पूर्ण रिकामे होणे. चार्जिंग साडेचौदा व्होल्टच्या वर जात राहिले तर ती आतून कोरडी पडते व फुगते; महिनाभर रिकामी उभी राहिली तर प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि मग चार्जर लावूनही ती चार्ज धरत नाही.

लिथियमची जाहिरात वजनावर चालते, आणि वजनाबाबत ती खरी आहे. ९ एएचची लेड बॅटरी साधारण तीन किलोंची असते, तिच्या जागी बसणारी लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी किलोभराची किंवा त्याहूनही हलकी. ती उभ्या गाडीत स्वतःहून फारच सावकाश उतरते आणि सेल्फला जोरकस धक्का देते. परंतु किंमत सीलबंद बॅटरीच्या तिप्पट किंवा अधिक मोजावी लागते, आणि तिच्यावर छापलेला एएचचा आकडा अनेकदा 'लेडच्या समतुल्य' असतो, म्हणजे सेल्फच्या ताकदीपुरता. प्रत्यक्ष साठा त्याच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. गाडी बंद असताना काही चालू राहत असेल, तर हा फरक लगेच जाणवतो. मीटरही येथे वेगळ्या भाषेत बोलतो: भरलेली लिथियम १३.३ च्या आसपास दाखवते, आणि लेडसाठी उत्तम असलेला १२.८ हा आकडा तिच्या बाबतीत जवळजवळ रिकामी असा वाचायचा असतो. सल्फेट काढण्यासाठी जास्त व्होल्टचे धक्के देणारे चार्जर तिला लावू नयेत. शून्य अंशाखाली तिला चार्ज करणे सेलना हानिकारक असते, हे लडाखची तयारी करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. महाराष्ट्रात राहणाऱ्याला त्याची चिंता नाही. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्याला किंवा वजनाचा प्रत्येक किलो मोजणाऱ्याला ती शोभते. रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाने दोन किलो वाचवण्यासाठी तिप्पट पैसे घालावेत, याला मला तरी कारण सापडलेले नाही.

आता ज्या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, तो म्हणजे गाडी बंद असताना बॅटरीतून काय जाते. हप्त्यावर घेतलेल्या गाडीला किंवा चोरीच्या भीतीने बसवलेला जीपीएस ट्रॅकर, सायरनचे लॉक, चावीला न जोडता थेट बॅटरीवर घेतलेला मोबाइल चार्जर, हे सर्व थोडे थोडे पीत असतात. समजा असे उपकरण २० मिलिअँपिअर घेते. म्हणजे दिवसाला जवळजवळ अर्धा एएच. ४ एएचची बॅटरी चार दिवसांत निम्मी होते, तर जुन्या सेल्फच्या बुलेटसारखी १४ एएचची बॅटरी तेथवर यायला दोन आठवडे घेते. गावी गेलेला माणूस आठ दिवसांनी परतून रोजच्या वापराच्या नव्या लहान गाडीचा सेल्फ दाबतो आणि कंपनीला नावे ठेवतो, त्यातल्या बऱ्याच जणांची गोष्ट या एका गुणाकारात सांगून होते. उलट सेल्फ वारंवार मारल्याने बॅटरी संपते ही समजूत तितकी खरी नाही: दोन सेकंद पन्नास अँपिअर गेले तरी तो हिशेब ०.०३ एएचच्या आत राहतो, आणि गाडी नीट चार्ज करत असेल तर काही मिनिटांच्या धावण्यात तो भरून निघतो. सिग्नलवर इंजिन मंद फिरत असताना मात्र चार्जिंग जेमतेम हेडलाइटपुरते होते. रोज दोन किलोमीटर गर्दीतून जाणाऱ्या गाडीची बॅटरी याच कारणाने अर्धपोटी राहते.

हे सारे एकत्र ठेवून पाहता, बीएस-६ची रोज चालणारी गाडी असेल आणि चार्जिंगचे माप योग्य असेल, तर मूळ क्षमतेचीच सीलबंद बॅटरी घ्यावी, त्यात फार विचार करण्यासारखे नाही. जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर आधी आरआर तपासावा. तो बदलायचा नसेल तर पाण्याची बॅटरीच बरी. राजदूत, येझदीसारख्या जुन्या सहा व्होल्टच्या गाड्यांना हौसेने जपणाऱ्यांनाही, गाडी बारा व्होल्टची करून घेतलेली नसेल तर, पाण्याचीच सोय पाहावी लागते. आठवड्यातून एकदाच निघणाऱ्या गाडीसाठी प्रकारापेक्षा, महिन्यातून एकदा लावायचा, भरल्यावर आपोआप थांबणारा लहान चार्जर महत्त्वाचा, आणि तो लिथियम घेण्यापेक्षा स्वस्त पडतो. क्षमता वाढवून मोठी बॅटरी लावण्याचा मोह होतो, पण ती ट्रेमध्ये बसायला हवी आणि अधिक-उणे टर्मिनलांची बाजूही तीच हवी. त्याच आकाराच्या दोन बॅटऱ्यांत डावे-उजवे उलट असू शकते, आणि ओढून जोडलेली वायर फ्रेमला घासली की आगीचे निमित्त होते.

दुकानात पैसे देण्यापूर्वी डब्यावरील उत्पादनाचा सांकेतिक क्रमांक दुकानदाराकडून वाचून घ्यावा आणि सीलबंद बॅटरी आपल्यासमोर मीटरवर धरायला सांगावी. १२.४ पेक्षा कमी दाखवणारी नवी बॅटरी फळीवर बराच काळ पडून राहिलेली असते. ती नाकारण्यात संकोच नसावा. वॉरंटी '२४ अधिक २४ महिने' अशी लिहिलेली असेल तर तिचे दोन अर्धे समान नसतात. पहिल्या काळात बॅटरी बदलून मिळते, दुसऱ्या काळात फक्त नव्या बॅटरीच्या किमतीवर सूट मिळते, आणि ती सूट छापील किमतीवर मोजली जात असल्याने, दुकानात एरवी मिळणाऱ्या सवलतीच्या तुलनेत हातात फारसे काही पडत नाही. म्हणून पहिला आकडा पाहून निवड करावी, बेरीज पाहून नव्हे.

बसवताना जुन्या बॅटरीची उणे वायर आधी काढायची आणि नवीची अधिक वायर आधी जोडायची, कारण उणे जोडलेले असताना अधिकवर फिरणारा पाना फ्रेमला टेकला तर सरळ शॉर्ट होतो. टर्मिनलच्या खाचेतला चौकोनी नट हमखास खाली घसरतो. त्याच्याखाली फोमचा छोटा तुकडा कोंबला की बोल्ट पहिल्या फटक्यात लागतो. शिसे मऊ असते, त्यामुळे बोल्ट बेतानेच आवळावा, आणि वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा म्हणजे पांढरट-हिरवी भुकटी धरत नाही. जुनी बॅटरी त्याच दुकानात देऊन बिलातून तिची किंमत वजा करून घ्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेऊन पुनर्चक्रीकरणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. भंगारवाला चार पैसे जास्त देईल, पण उघड्यावर ॲसिड ओतून शिसे वितळवणारी भट्टी कोणाच्या तरी वस्तीशेजारी असते.