स्वस्तातला यूएसबी माइक, वॉरंटी संपल्यावर: आवाज झकास, सॉकेट भंगार

किंमत, सोबत काय काय येतं, हे विक्रीच्या पानावर आहेच. लिहायचंय ते बुडाशी असलेल्या मायक्रो-यूएसबी सॉकेटबद्दल, कारण वॉरंटी संपताच नेमकं तेच ढिलं झालं. सर्व्हिस सेंटरचं उत्तर: "दुरुस्ती होत नाही, नवा घ्या." गल्लीतल्या मोबाइलवाल्याने दीडशे रुपयांत सॉकेट बदललं. म्हणजे दुरुस्ती होते. यांना करायची नाही.

हे सॉकेट बोर्डावर नुसतं सोल्डर केलेलं आहे, बॉडीचा आधार नाही. माइक आर्मला (टेबलाच्या लांब दांड्याला) लावला की लोंबणाऱ्या केबलचा सगळा भार त्या सोल्डरवर. धक्का लागला की क्षणभर कनेक्शन तुटतं, ऑडॅसिटीत (आवाज रेकॉर्ड आणि दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) रेकॉर्डिंग तिथेच थांबतं, आणि 'रीस्कॅन ऑडिओ डिव्हायसेस' केल्याशिवाय माइक यादीत परत येत नाही. उपाय फुकटचा: सॉकेटपासून चार बोटांवर केबलला सैल वळसा देऊन ती आर्मला बांधून टाका. केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर माइकचा दिवा लागतो, पण लॅपटॉपला तो दिसत नाही.

दोन तारे देऊन मोकळा होणार होतो. तिसरा देतोय, कारण मागे येणारी घूं-घूं माइकची नव्हे, लॅपटॉपच्या अर्थिंग नसलेल्या दोन पिनांच्या चार्जरची निघाली. 80 हर्ट्झच्या हाय-पास फिल्टरने (त्याखालचे आवाज कापणाऱ्या) 50 हर्ट्झची गुणगुण बरीच कमी होते, पण तिचे 100 आणि 150 वरचे भाऊबंद आवाजाच्याच पट्ट्यात बसतात. चार्जर काढा, बॅटरीवर रेकॉर्ड करा.

माइक तोंडापासून 15 सेंमी, आणि किंचित बाजूला. समोर धरला तर फ, भ, प यांची हवा पॉप फिल्टर असूनही थडकते. गेन (माइक आवाज किती वाढवतो ते) असा ठेवा, की मोठ्याने म्हटलेलं वाक्यही -12 ते -6 डीबीत राहील. शून्याला टेकून फाटलेला आवाज नीट होत नाही. सुरुवातीचे पाच सेकंद गप्प बसा, नॉइज रिडक्शनला (मागचा गोंगाट कमी करणाऱ्या साधनाला) खोलीचा नमुना लागतो. ते रिडक्शनही 6 ते 9 डीबीच. जास्त दाबलात तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

खोक्यावरच्या 192 किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात) भुलू नका. भाषणाला 44.1 किलोहर्ट्झ मोनो (एकच चॅनेल) भरपूर. ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये (एकूण मोठेपणा ठरवणाऱ्या साधनात) मूळचा आकडा -23 LUFS असतो, फोनवर तेवढा आवाज पुटपुटल्यासारखा ऐकू येतो. -16 करा, 'ट्रीट मोनो ॲज ड्युअल-मोनो' वर टिक ठेवा, आणि मग लिमिटर (आवाजाची कमाल उंची रोखणारं साधन) -1 डीबीवर. एमपी3 64 केबीपीएस, कॉन्स्टंट (बिटरेट सतत सारखा): अर्ध्या तासाचे साधारण 14 एमबी. तेवढ्याचीच वेव्ह (न दाबलेली) फाइल दीडशेच्या वर जाते; ती घरच्या डिस्कवर जपा, आपल्या साइटवर चढवू नका.

साइट ठेवायच्या होस्टिंगवर पीएचपीची (साइट चालवणाऱ्या भाषेची) मूळ अपलोड मर्यादा 2 एमबी असते. 'अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ' वाढवून भागत नाही, 'पोस्ट_मॅक्स_साइझ' त्याहून मोठा हवा. फाइलचं नाव रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता. देवनागरी नावातलं एकेक अक्षर लिंकमध्ये किमान नऊ चिन्हांचं होतं आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना लिंक अर्ध्यावर तुटू शकते. आयफोनवर फाइल वाजत नसेल तर आधी सर्व्हर रेंज रिक्वेस्टला (फाइलचा एक तुकडाच मागणाऱ्या विनंतीला) 206 ('हा घ्या तुकडा') उत्तर देतो का ते बघा; सफारी त्याशिवाय अडून बसतो. प्लेअरला 'प्रीलोड' (वाजवण्याआधीच फाइल उतरवणं) नन ठेवा, पान नुसतं उघडणाऱ्याचा डेटा कशाला जाळायचा?