फायफॉक्स ॲप: नववीच्या 'गती'साठी वर्षभर वापरल्यावर

खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलात मी विज्ञान शिकवतो. जूनपासून हे ॲप वापरतोय. जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठानं ते 2016 मध्ये काढलं; मोफत आहे आणि मोबाईलमधलेच सेन्सर वापरतं.

मला सर्वात उपयोगी पडलं ते त्यातलं जीपीएस. अक्षांश, रेखांश आणि वेग वेळेनुसार कसे बदलतात ते दिसतं. आता आपल्या भागाची सोय बघा: खानापूरहून बेळगाव जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. त्यामुळे या बसमध्ये अक्षांशाचा आलेख म्हणजेच स्थान-काल आलेख! 0.01 अंश म्हणजे साधारण 1.1 किमी. बस थांब्यावर उभी राहिली की रेघ आडवी, मोकळ्या रस्त्याला लागली की चढ वाढतो, परतीला रेघ खाली उतरते. ऋण वेग पोरांना वेगळा समजवावा लागत नाही.

सुमारे 26 किमीला 50 मिनिटं लागली, तर सरासरी चाल ताशी 31 किमी. काटा मध्येच 60 वर गेला होता, तरीही. आलेखाची दोन टोकं पट्टीनं जोडायला लावतो. त्या रेघेचा चढ म्हणजे सरासरी वेग, मधे कितीही वळणं असोत. जाऊन-येऊन जोडलं की शून्य. "शून्य कसं वो सर? एवढं फिरलो की!" हा प्रश्न वर्गातून आला, आणि अंतर व विस्थापन यांतला फरक त्यावरच नीट उलगडला.

जंगलपट्ट्यात रेंज नसली तरी चालतं, फक्त सुरुवातीला उघड्यावर थोडं थांबावं लागतं. मोजणी चालू असताना दुसरं ॲप उघडू नये. खटकणारी गोष्ट एकच, पण मोठी: फोन टेबलावर ठेवला तरी आलेख नाचतो. जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतं आणि अक्षाचं प्रमाण आपोआप बदलून ती हालचाल प्रचंड दिसते. म्हणून आधी अक्षावरचे आकडे वाचायला शिकवा. वर्गातल्या दहा पावलांसाठी टेप आणि स्टॉपवॉचच बरं.

निपाणी-चिकोडी रस्ता पूर्व-पश्चिम आहे. तिकडच्या शिक्षकांनी रेखांशाचा आलेख घ्यावा. तिथं एक अंश सुमारे 107 किमी धरा. चिकोडीहून निपाणीला येताना रेघ खाली उतरेल.