गोळी, थेंब की पट्टा? शहरातल्या कुत्र्यासाठी निवड करताना

गोचीड आणि डास यांच्यापासून कुत्र्याला जपायला दुकानात प्रामुख्याने तीन गोष्टी मिळतात: खायची गोळी, पाठीवर टाकायचे थेंब (स्पॉट-ऑन) आणि औषधी पट्टा. बहुतेक जण किंमत बघून ठरवतात. माझ्या मते आधी बघायला हवं ते असं: कुत्रा रात्री कुठे झोपतो, फिरायला कुठे जातो आणि घरात मांजर आहे का.

‘आम्ही सातव्या मजल्यावर राहतो, आमच्याकडे कुठून येणार गोचीड?’ हा मुंबई-पुण्यातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज. शहरी कुत्र्यांवर दिसणारा तपकिरी गोचीड घरातही आरामात वाढतो. सोसायटीची भटकी कुत्री पार्किंगमध्ये किंवा वॉचमनच्या केबिनमागे झोपतात, आपला कुत्रा तिथूनच जातो, आणि एवढं पुरतं. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते, भिंतीच्या फटीत किंवा कपाटामागे हजारो अंडी घालते. म्हणजे गोचिडांच्या बाबतीत मजला कुठला याने फारसा फरक पडत नाही. भटक्या कुत्र्यांची जवळीक, बोर्डिंग, ग्रूमिंग आणि दमट हवा यांनी मात्र पडतो.

हा गोचीड बॅबेसिया पसरवतो. तो परजीवी लाल रक्तपेशी फोडतो. एर्लिकिया हा जिवाणूही त्याच्याकडूनच येतो. बोलताना दोन्हींना आपण ‘टिक फीवर’च म्हणतो, पण निवड करताना त्यांतला फरक मोलाचा आहे. गोचीड चिकटल्यापासून बॅबेसिया कुत्र्याच्या अंगात जायला साधारण दोन दिवस लागतात, एर्लिकिया काही तासांतच जाऊ शकतो.

गोळी (अफोक्सोलानेर, सारोलानेर महिन्याला, फ्लुरालानेर तीन महिन्यांनी) रक्तातून काम करते, म्हणजे गोचीड चावल्यावरच मरतो. बॅबेसियासाठी हे बऱ्याचदा वेळेत होतं, एर्लिकियासाठी उशीर होऊ शकतो. तरीही फ्लॅटमधल्या कुत्र्यासाठी मी आधी गोळीच सुचवेन. अंघोळ, पाऊस, कुत्र्याला मिठी मारणारी लहान मुलं, कशानेच तिचा असर कमी होत नाही आणि कुणाच्या हाताला औषध लागत नाही. मात्र कुत्र्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. या गटातल्या औषधांमुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2018 मध्ये दिला होता.

थेंबांमध्ये दोन प्रकार आहेत आणि ते एकसारखे समजू नयेत. फिप्रोनिल गोचीड मारतं, पण डास हाकलत नाही. पर्मेथ्रिन असलेले थेंब गोचीड आणि डास दोघांनाही दूर ठेवतात, म्हणून अंगणात झोपणाऱ्या कुत्र्यासाठी ते जास्त उपयोगी. घरात मांजर असेल तर मात्र पर्मेथ्रिन आणूच नका. मांजराच्या जिवावर बेततं. थेंब टाकण्याआधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ घालू नये.

इमिडाक्लोप्रिड-फ्लुमेथ्रिनचा पट्टा सात-आठ महिने चालतो, त्यामुळे महिन्याच्या हिशेबात बऱ्याचदा स्वस्त पडतो. दर आठवड्याला शाम्पू लावत असाल तर तो लवकर संपतो. मान आणि पट्टा यांच्यात दोन बोटं जातील इतपतच सैल ठेवा. नकली पट्टेही विकले जातात, तेव्हा डॉक्टरांकडून किंवा ओळखीच्या दुकानातूनच घ्या.

डासांचं गणित निराळं आहे. इथे घर आणि रात्र दोन्ही महत्त्वाची: जाळीच्या खिडकीआड झोपणाऱ्या कुत्र्यापेक्षा गेटजवळ बांधलेल्या कुत्र्याला धोका कितीतरी जास्त. डासांमार्फत पसरणारा हृदयातला जंत, म्हणजे हार्टवर्म, भारतात मुख्यतः ईशान्येकडे आढळतो. मुंबईपासून केरळपर्यंतच्या किनाऱ्यावर त्याचा भाऊबंद, त्वचेखाली राहणारा डायरोफिलेरिया रेपेन्स, आढळतो. तो क्वचित माणसाच्या डोळ्यात किंवा त्वचेखालीही सापडतो. डासाच्या अंगात या जंतांच्या अळ्या वाढायला साधारण 14 अंशांहून जास्त उष्णता लागते. मुंबईत ती बाराही महिने असते, म्हणून ‘फक्त पावसाळ्यात औषध’ हा हिशेब तिथे चुकतो.

वरच्या तिन्ही साधनांपैकी एकही एकट्याने या अळ्या मारत नाही. त्यासाठी आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन किंवा मॉक्सिडेक्टिनसारखं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने दर महिन्याला, आणि वयाने मोठ्या कुत्र्याला सुरू करण्याआधी रक्ततपासणी. कोली जातीच्या कुत्र्यांत आयव्हरमेक्टिन सोसत नसल्याचं आढळतं, तेव्हा जात आवर्जून सांगा.

बंगल्यातला, रात्री बाहेर असणारा कुत्रा आणि मांजर नाही: पर्मेथ्रिनचे थेंब आणि महिन्याचं जंतांचं औषध. फ्लॅट आणि सोबत मांजर: गोळी. सुट्टीत बोर्डिंगला ठेवणार असाल तर आठवडाभर आधीच सुरुवात करा. आणि काहीही निवडलंत तरी कुत्र्याने जेवण सोडलं, ताप आला, हिरड्या फिकट पडल्या किंवा लघवी गडद झाली, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी रक्ताची तपासणी करून घ्या.