अझेलाइक अ‍ॅसिड जेल : दिवाळी ते चवथ वापरल्यानंतर

रोझेशियासाठी, म्हणजे चेहरा लाल होऊन पुटकुळ्या येण्याच्या त्वचेच्या विकारासाठी, त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेलं १५ टक्क्यांचं अझेलाइक अ‍ॅसिड जेल दिवाळीत सुरू केलं, आता चवथ (गणेश चतुर्थी) होऊन गेली. नाकाच्या बाजूच्या आणि गालांवरच्या पुटकुळ्या जवळजवळ गेल्या, त्यांचे काळे डागही फिके पडले. पण ऊन लागलं की तोंड भडकायचं, ते अजून भडकतंच. त्यावर या जेलचा फारसा इलाज नाही.

आपल्या गव्हाळ रंगावर लाली पटकन दिसत नाही, त्यामुळे सगळे मुरुमच समजतात. गाल हाताला गरम लागणं, साध्या साबणानेही चुरचुरणं, आणि पुटकुळ्या असूनही ब्लॅकहेड्स नसणं, यावरून डॉक्टरांना संशय आला. डोळेही चुरचुरत असतील तर तेही सांगा, रोझेशिया डोळ्यांतही होतो.

सकाळ-संध्याकाळ वाटाण्याएवढं जेल पुरतं. सुरुवातीला मुंग्या डसल्यासारखं चुणचुणतं, ओल्या तोंडावर लावलं तर जास्तच. तोंड पूर्ण कोरडं करून आधी मॉइश्चरायझर, मग जेल, असं केल्यावर सुसह्य झालं. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, पंधरा दिवसांत ट्यूब फेकू नका.

खरी कटकट सनस्क्रीनची. जेलवर ते चोळलं की रबराने खोडल्यासारख्या वळ्या निघतात! थोडं थांबून थोपटून लावायचं. झिंक ऑक्साइडवालं मला झोंबत नाही, पण फोंड्याहून पणजीला स्कूटरने पोचेपर्यंत घामाबरोबर पांढरे ओघळ हनुवटीपर्यंत येतात आणि हेल्मेटचा पट्टा पांढरा होतो. मे महिन्यात मी सरळ कदंब बस धरली.

खाण्याचं प्रत्येकाचं वेगळं. माझ्या बाबतीत तिखटाइतकाच वाफाळतेपणाही नडतो. हुमण (माशांची आमटी) थोडं निवू दिलं तर चालतं, उकळता चहा नाही चालत. तिखट रेशाद मसाल्याचा बांगडा मात्र निवला तरी गाल पेटवतो, आणि तरी मी तो खाते. उर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) दिवसांत घोटभर घेणाऱ्यांनी आपलं आपण बघावं, दारूने लाली वाढते हे डॉक्टरही सांगतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते : फार्मसीत मागितली की मिळणारी स्टेरॉइडवाली 'गोरेपणाची' ट्यूब तोंडाला लावू नका. बेटामेथासोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइडची नावं वेष्टनावर शोधा, दिसली तर ती ट्यूब नको. चार दिवस चेहरा छान दिसतो, सोडली की दुपटीने उसळतं. शेजारच्या वहिनींचं तेच झालंय.

जेल स्वस्त नाही. खर्च झेपत नसेल तर मेट्रोनिडाझोल जेलबद्दल डॉक्टरांना विचारा. पुटकुळ्यांसाठी आयव्हरमेक्टिन क्रीमही असतं, तेही त्यांच्याच सल्ल्याने. बारीक लाल शिरा उमटल्या असतील तर जेलने त्या जात नाहीत, त्याला लेझरसारखे उपचार लागतात.

पुटकुळ्यांसाठी पाचात चार तारे, लालीसाठी दीड. पावसाळ्यात मी ते रात्री एकदाच लावत होते, आता ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आत पुन्हा दोनदा सुरू करायला सांगितलंय.