रोजचं क्रिप्टिक शब्दकोडं: आठ महिने सोडवल्यानंतरचा अनुभव

जूनमध्ये मुलाची शाळा सुरू झाली तेव्हापासून मी रोज ब्रिटनच्या गार्डियन पेपरचं क्रिप्टिक क्रॉसवर्ड सोडवतेय, म्हणजे आता आठ महिने होत आले. मधे आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचे चार दिवस आणि एकदा तापात गेलेला आठवडा सोडला तर खाडा नाही. ओळखीतले बरेच जण विचारतात की हे नक्की काय असतं, आपल्याला जमतं का, एवढा वेळ घालवण्यासारखं आहे का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी हे काय असतं ते. आपल्या पेपरातलं साधं शब्दकोडं म्हणजे "सूर्य (२)" असं दिलं की रवी लिहायचं, झालं. क्रिप्टिकमध्ये प्रत्येक क्लू हे एक सरळ दिसणारं वाक्य असतं, पण ते दोन तुकड्यांचं असतं, एका टोकाला शब्दाचा खरा अर्थ आणि उरलेल्या भागात तोच शब्द अक्षरांशी खेळून कसा बनवायचा ते, आणि दोघांमधली शिवण कुठंय ते तुम्ही शोधायचं. अर्थ सुरुवातीला असेल नाहीतर शेवटी, मधे नाही. हे एक कळलं की निम्मं काम होतं, आणि हेच मला पहिला महिनाभर माहीत नव्हतं.

उदाहरण द्यायचं तर जुनाच एक प्रकार आहे, फ्लॉवर ऑफ लंडन, सहा अक्षरं. मी बसले गुलाब नि ट्यूलिप आठवत. फ्लॉवर म्हणजे फूल नाहीच, जी फ्लो होते ती, वाहणारी, म्हणजे थेम्स! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी गॅसवरची आमटी विसरले होते.

पहिले दोन महिने माझं कसं चालायचं ते सांगते कारण नवीन सगळ्यांचं तसंच होत असणार. स्क्रीनवर चेकचं बटण असतं, अक्षर चूक असेल तर उडून जातं. मग मी अंदाजाने शब्द भरायचे, चेक दाबायचे, राहिला तर राहिला. असं करत कोडं भरायचं, पण का ते निम्म्यांचं सांगता यायचं नाही. एक पैसे भरून घेतलेलं ॲपपण वापरून बघितलं, क्लू टाकला की उत्तर सांगतं, पण कारण चुकीचं ठोकून देतं आणि वर बंद केल्यावरही पुढच्या महिन्याचे पैसे कापले. ते काढून टाकलं. त्याच्या नादाला लागू नका.

गाडी रुळावर आली ती अप्पांमुळे. अप्पा म्हणजे माझे वडील, अशोक चौकात राहतात, तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात डिझाईनला होते. जकार्डच्या चादरीचं डिझाईन आधी ग्राफवर काढतात, एकेक चौकोन भरत, मग त्यावरून कार्डं पंच होतात आणि ती मागावर चढतात. आयुष्यभर चौकोन भरलेला माणूस. ऑगस्टमध्ये मी त्यांच्याकडे राहायला गेले होते, झेरॉक्सच्या दुकानातून काढलेली प्रिंट घेऊन बसले होते, तर चष्मा लावून म्हणाले, "काय करलालीस गं, कुणाचं डिझाईन हाय हे?" मी सांगायच्या आधीच त्यांनी कागद हातात घेतला, उलटा फिरवला आणि म्हणाले, बग, खालचं वर केलं तरी तेच. खरंच की! पंधरा बाय पंधराचा तो चौकोन अर्धा फिरवला की काळी घरं बरोबर काळ्या घरांवर येतात, क्रिप्टिकच्या ग्रिडचा तो रिवाजच आहे, आणि मी दोन महिने रोज बघून मला ते दिसलं नव्हतं.

तेव्हापासून आमचं ठरलं. अप्पांचं इंग्रजी सातवीपर्यंतचं, त्यामुळे सोडवायचं मी आणि संध्याकाळी फोनवर नाहीतर रविवारी समोर बसून प्रत्येक क्लू मराठीत त्यांना समजावून सांगायचा. ते एकच प्रश्न विचारतात, "हा शब्द कशाला हाय?" क्लूमधल्या प्रत्येक शब्दाला बोट लावून विचारतात. नुसतं "असंच वाक्य जुळवायला घातलाय" म्हटलेलं चालत नाही, आणि चांगल्या सेटरच्या, म्हणजे कोडं रचणाऱ्याच्या, क्लूत तसा शब्द जवळपास नसतोच. या प्रश्नाने मला जेवढं शिकवलं तेवढं कशानेच नाही. आता माझ्यापुरता नियम आहे, उत्तर आलं म्हणजे सुटलं असं मी धरत नाही, अप्पांना सांगता आलं की टिक करते.

एक प्रसंग जवळून सांगते. क्लू साधारण असा होता: स्टेप हर्ड, लुक, पाच अक्षरं. हर्ड, म्हणजे ऐकू आलं, म्हणजे उच्चार सारखा असलेल्या दोन शब्दांचा खेळ. पायरी म्हणजे स्टेअर आणि टक लावून बघणं तेही स्टेअर, बोलायला एकच, स्पेलिंग वेगळं. मी पायरीवालं स्पेलिंग भरलं आणि शेवटच्या अक्षराला उभा शब्द बसेचना. अर्धा तास मी उभ्या शब्दाला दोष देत होते. अप्पांना वाचून दाखवलं तर म्हणाले, हर्ड कुणाला चिकटलंय? स्टेपला. मग ऐकायचं ते स्टेप, लिहायचं ते दुसरं. संपलं. इंग्रजी फारसं न येणाऱ्या माणसाने नुसतं कुठला शब्द कुणाशेजारी बसलाय एवढं बघून उत्तर दिलं. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी आईला पण धरून बसवून सगळं पुन्हा सांगितलं.

अवघड काय आहे तेही सांगते. ब्रिटनमधल्या नद्या, शाळा, जुनी नाणी, नाविकांची बोली, हे सगळं त्यांना घरचं आणि आपल्याला परकं. सेलर आला की टार नाहीतर एबी (एबल सीमन, म्हणजे खलाशी), क्वाएट आला की नुसता पी (संगीतातल्या पियानोचा, म्हणजे हळू), वर्कर म्हणजे बहुतेक वेळा अँट. एसटी म्हणजे सेंट किंवा स्ट्रीट, हे डोक्यात बसायला मला फार वेळ लागला कारण एसटी म्हटलं की आपल्याला स्टँडच दिसतो. मी शंभरपानी वही केलीय, डावीकडे शब्द, उजवीकडे त्याची अक्षरं, आता पाऊण वही भरली. पण क्रिकेट! तिथे आपण त्यांच्या बरोबरीने. मेडन म्हणजे एम, डक म्हणजे शून्याचा ओ, साइड म्हणजे अकरा म्हणजे रोमन आकड्यातले एक्स आणि आय, ऑन म्हणजे लेग. मी स्वतः मुलासाठी एक क्लू केला होता: ऑन साइड, फिनिश, तेंडुलकर जसा (६). लेग आणि एंड जोडा, लेजंड. नववीतल्या पोराने दोन मिनिटांत सोडवला.

वेळेचं म्हणाल तर तिकडे मध्यरात्री नवीन कोडं येतं, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेचारला आणि त्यांची घड्याळं मागे गेली की साडेपाचला. मला ते फार सोयीचं पडतं, डबे करायच्या आधी वीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात चारपाच क्लू होतात, बाकीचे दिवसभर डोक्यात फिरतात, आणि खरं सांगते, बरेचसे सात रस्त्याच्या सिग्नलला सुटतात. सोमवारचं तुलनेनं सोपं असतं, आठवडा चढेल तसं अवघड. अगदी नवख्याने शनिवारचं क्विक क्रिप्टिक घ्यावं, २०२४ मध्ये सुरू झालंय, त्यात आज कुठकुठले प्रकार वापरलेत ते आधीच सांगितलेलं असतं. थेट मोठ्या कोड्यात उडी मारू नका, मी मारली आणि महिना गेला.

माझा स्कोअर म्हणजे सुरुवातीला तीसेक क्लूपैकी तीन-चार, आता सोमवारी पूर्ण, गुरुवारी निम्म्याच्या वर.

आणि सेटर. प्रत्येक कोड्यावर बनवणाऱ्याचं टोपणनाव असतं, काही महिन्यांत त्यांचे स्वभाव कळायला लागतात, हा अॅनाग्राम, म्हणजे अक्षरं उलटीपालटी करून नवा शब्द, जास्त वापरतो, हा गोड बोलून फसवतो. या सगळ्यांत अराउकारिया नावाचे होऊन गेले, खरं नाव जॉन ग्रॅहम, धर्मगुरू होते. जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांनी आपल्याला कॅन्सर झाल्याचं गार्डियनच्या कोड्यातूनच कळवलं. कोड्याच्या वर एक ओळ दिली की अराउकारियाला १९ चा १८ झालाय आणि त्यावर १३ १५ चालू आहे. लोकांनी कोडं सोडवलं तेव्हा १८ ला कॅन्सर आलं, १९ ला अन्ननलिका, आणि १३ १५ ला पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बरं करायचे नाहीत तर त्रास कमी करायचे उपचार. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ज्येनी रोज सोडवलं त्येनाच पैलं सांगितलं बग."

आता मराठीचं. रोज इंग्रजी क्लू मराठीत सांगता सांगता वाटलं आपणच का करू नयेत. करायला बसल्यावर कळलं की मराठीत अॅनाग्राम सहज होत नाही. वानर आणि नवरा ऐकायला जवळचे, पण वा-न-र उलटंपालटं करून न-व-रा होत नाही, काना अक्षराला चिकटलेला असतो, तो उचलून दुसऱ्याला लावता येत नाही. जोडाक्षरं तर आणखीच हट्टी. पण जोडाजोड, उलटणं, लपवणं आणि दोन अर्थ, हे मराठीत इतकं सुरेख होतं की मला वाटतं हे रोज छापून यायला पाहिजे, मनापासून वाटतं. आमच्या घरात झालेले काही देते.

वडा पालथा घातला की सुरू होतो खेळ (२). व-डा उलटा, डाव.

अप्पांच्या कारखान्यात खडखडायचा, पोलीस चोराचा काढतात (२). माग. हा आईने केला, आणि माझ्या मते सगळ्यात सफाईदार हाच आहे, एक शब्द जास्त नाही.

हुतात्माची सुरुवात होताच रडा, शेतात भाजून मिळेल (३). हुतात्मा एक्सप्रेसचा हु घ्या, पुढे रडा, हुरडा. हा मुलाने डिसेंबरमध्ये शेतावर बसूनच केला, तोंडात हुरडा असताना.

माझा पहिला: गावाकडचा चहा आणि त्याचा भाव, झालं पांघरूण (३). चा आणि दर, चादर. अप्पांसाठीच केला होता. त्यांनी लगेच सोडवला, पण "झालं" कशाला ते विचारलंच. म्हटलं, दोन तुकडे मिळून काय झालं ते सांगायला. बरं म्हणाले.

महिन्याभराने, गड्डा उठल्यावर, त्यांनी मला एक चिठ्ठी दिली, ग्राफच्या जुन्या कागदाच्या मागे लिहिलेली. "रात्रीचा दरवाजा उघडला, आत पांघरूण (३)". मी दोन दिवस रजई, गोधडी, वाकळ करत बसले. तिसऱ्या रात्री आमच्या दाराची कडी लावताना एकदम दिसलं, हात कडीवरच राहिला, आणि अकरा वाजून गेले होते तरी फोन लावला.

"अप्पा, चादर. रात्री-चा दर-वाजा, मधे लपलीय."

"आणि 'उघडला' कशाला हाय?"

"उघडल्याशिवाय आतलं कसं दिसणार."

"हं. तू चहा घातलीस, मी दार घातलो," म्हणाले, "झोप आता, साडेपाचला नवं येतंय की."