मूळ इंजिनावर सुपरचार्जर: ट्विन-स्क्रू की सेंट्रिफ्युगल?

टोयोटा ८६ सारख्या १२.५:१ कॉम्प्रेशनच्या मूळ (आतले भाग न बदललेल्या) इंजिनावर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप, बसवताना, बूस्ट (त्या हवेचा वाढीव दाब) किती आहे याइतकेच तो कोणत्या आरपीएमला येतो यावर इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते. ट्विन-स्क्रू (एकमेकांत फिरणाऱ्या दोन स्क्रूंनी हवा दाबणारा सुपरचार्जर) कमी आरपीएमलाच जवळजवळ पूर्ण बूस्ट देतो. त्यामुळे रोजच्या वापरात गाडी सुखद वाटते, पण तिथेच वाढलेल्या टॉर्कमुळे कनेक्टिंग रॉडवर (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्यावर) ताण येतो आणि नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटून ठोके बसण्याचा) धोकाही वाढतो. सेंट्रिफ्युगलमध्ये (वेगाने फिरणाऱ्या पंख्यासारख्या चाकाने हवा दाबणाऱ्या प्रकारात) बूस्ट आरपीएमसोबत चढत जातो, म्हणून मूळ रॉडना तो सौम्य ठरतो. मात्र कमाल बूस्ट रेडलाइनजवळ (आरपीएमच्या कमाल मर्यादेजवळ) येत असल्याने ट्रॅकवर चालवणाऱ्याने इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) आणि तेलाचे तापमान यांकडे दुर्लक्ष करू नये. माझा कौल सेंट्रिफ्युगललाच आहे. अर्थात, ट्यूनिंग चुकून नॉकिंग होत राहिले, तर मूळ कास्ट (ओतीव) पिस्टन दोन्हींत सारखेच फुटतात.